गप्पा आणि गैरहजर माणूस

बोलण्यासंबंधीं नीतिशास्त्रानें जो विचार केला आहे तो बहुतेक गंभीर बोलण्याचा आहे. शपथ, वचन, साक्ष, करार, उपदेश, असत्य भाषण या विषयांवर आपल्याकडील धर्मग्रंथांत आणि पाश्चात्त्य पंडितांच्या ग्रंथांत भरपूर ऊहापोह आढळतो. परंतु मनुष्य जन्मभर जेवढे शब्द उच्चारतो त्यांतील शपथेचे किती आणि साक्षीचे किती? कित्येकांना कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग आयुष्यांत एकदांही येत नाहीं. पण गप्पा मारल्याखेरीज ज्याचा एक आठवडा गेला असा मनुष्य शोधून सांपडावयाचा नाहीं. मित्रमंडळी जमली, कोणी बाजारभाव काढला, कोणी निवडणुकीची गोष्ट काढली, कोणी परगांवच्या प्रवासाचें वर्णन लावलें, मध्येंच एकानें दुसऱ्याची टोपी उडविली, सर्व हंसले आणि उठून आपापल्या घरीं गेले. या बोलण्याला हेतु नसतो, निर्णय नसतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याची आठवणही बहुधा नसते. तेव्हां प्रश्न असा कीं, आपल्या शब्दांचा हा सर्वांत मोठा भाग नीतीच्या कक्षेबाहेरचा समजावा काय? आणि तो कक्षेंतला असेल तर त्याला कोणता नियम लावावा?

एक उत्तर फार जुनें आहे आणि तें कठोर आहे. पालि वाङ्मयांत, दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तांत, कोणत्या गप्पा वर्ज्य कराव्या याची एक लांबलचक यादी आढळते. राजांच्या गोष्टी, चोरांच्या गोष्टी, मंत्र्यांच्या गोष्टी. सैन्य, भय आणि लढाया यांच्या गोष्टी. खाण्यापिण्याच्या आणि वस्त्रप्रावरणांच्या. नातलगांच्या, वाहनांच्या, गांवांच्या, शहरांच्या, देशोदेशींच्या. बायकांच्या, शूरांच्या, रस्त्यावरच्या, पाणवठ्यावरच्या आणि मेलेल्यांच्या. फार काय, समुद्राच्याही गोष्टी. या सर्वांना तेथें ‘तिरच्छानकथा’ असें नांव दिलें आहे. तिर्यक् म्हणजे आडवें जाणारें, अर्थात् जनावर. तेव्हां मोक्षाच्या वाटेला आडवी जाणारी ती ही कथा. यादी वाचतांना हंसूं येतें, कारण इतक्या शतकांनंतरही तींत भर घालण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं. आजच्या काळीं मोक्षाची जागा उद्योगानें घेतली आहे इतकेंच. आरोप तोच आहे. पूर्वीं गप्पा मारणारा आत्मा गमावीत असे, आतां तो वेळ गमावतो.

या आरोपाचा विचार हवेंत न करतां एखाद्या गांवांत उभें राहून करावा, म्हणून मी जयगडाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. रत्नागिरी जिल्ह्यांत शास्त्री नदी जेथें समुद्राला मिळते, तेथें खाडीच्या मुखाशीं हा किल्ला आणि हें बंदर आहे. पलीकडच्या तीरावर गुहागर तालुक्यांतलें तवसाळ. या बाजूस १९३२ सालीं बांधलेलें दीपगृह आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस येथें मोठें व्यापारी बंदर सुरू झालें आणि त्याच सुमारास कोळशावर चालणारें १२०० मेगावॉट शक्तीचें वीजकेंद्रही उभें राहिलें. परंतु गप्पांचीं ठिकाणें या सर्वांहून जुनीं आहेत. धक्का, तरीची वाट पाहण्याची जागा, देवळाची पायरी, मशिदीबाहेरचा कट्टा, चहाचें दुकान, घराची ओटी. समुद्राकांठच्या माणसाला वाट पाहण्याची संवय लागलेली असते. मुंबईची आगबोट जेव्हां बंदराबाहेर नांगर टाकीत असे आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत नेले जात, त्या काळीं ती केव्हां येईल हें घड्याळापेक्षां वाऱ्यालाच अधिक ठाऊक असे. ट्रंकेवर बसलेल्या माणसांना दोन-दोन घटका गप्पांखेरीज दुसरा उद्योग नसे. त्या आगबोटी गेल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावूं लागली, पण ती दूर आंतल्या बाजूनें जाते, जयगडाला स्पर्श करीत नाहीं. आतां तवसाळची फेरीबोट माणसांबरोबर मोटारीही नेते, आणि तिची वाट पाहतांनाही तेंच चालतें. पावसाळ्यांत, जून आणि जुलै महिन्यांत, मासेमारीला कायद्यानें बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, बाहेर पाऊस कोसळतो आहे, आणि पडवींत फाटलेलें जाळें पसरून चारसहा जण बसलेले. हात गुंतलेले, तोंड मोकळें.

या बैठकींत काय चालतें? डिझेलचा भाव निघतो. यंदा बांगडा कोठें गेला याची चौकशी होते. पर्ससीनच्या जाळ्यांनीं लहान मच्छीमारांचा घास हिरावला कीं काय, यावर दोन पक्ष पडतात. त्यावरून मुंबईचें सरकार, मुंबईवरून दिल्ली, दिल्लीवरून दूरदेशीं चाललेली लढाई. मग प्रवास. कोणी लोकलच्या गर्दीचें वर्णन करतो, कोणी आखातांतल्या उन्हाळ्याचें. दुबईंत चालविलेल्या गाडीची लांबी एकानें फारच वाढविली म्हणजे दुसरा शांतपणें म्हणतो, “भाऊ, ती गाडी तेवढी फेरीबोटींत मावेल का बघ, नाहींतर अर्धी जयगडला आणि अर्धी तवसाळला ठेवावी लागेल.” राजकथा, सेनाकथा, यानकथा, जनपदकथा, समुद्रकथा, भिक्षूला वर्ज्य केलेली सगळी यादी एका संध्याकाळीं पुरी होते.

गप्पांची बाजू घेणारे लोक सहसा त्यांच्या फळांकडे बोट दाखवितात. १७६४ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या मित्रमंडळांत जॉन्सन बोलत असे. तसलें त्याचें बोलणें बॉस्वेलनें टिपून ठेवलें म्हणून १७९१ सालीं एक अजोड चरित्र जन्मास आलें. पुण्यांत चहाच्या निमित्तानें जमणाऱ्या कवींच्या बैठकींतून १९२३ सालीं रविकिरण मंडळ उदयास आलें आणि पुढें मराठी कवितेवर त्यानें आपली छाप पाडली. हीं उदाहरणें खरीं आहेत, पण हा बचाव कच्चा आहे. ज्या गप्पांतून ग्रंथ निघाले त्या दोषमुक्त झाल्या, तर ज्यांतून कांहींच निघालें नाहीं त्या दोषी ठरल्या. आणि हजारांतून नऊशें नव्याण्णव गप्पांतून कांहींच निघत नाहीं. शिवाय ‘उपयोग दाखवा’ ही वादीची मागणीच येथें निमूटपणें मान्य केली जाते. गप्पांचें समर्थन करावयाचें तर तें त्यांच्या निष्फळतेसकट केलें पाहिजे.

मला तें समर्थन असें दिसतें. मनुष्याची किंमत जगांत बहुतेक ठिकाणीं त्याच्या उपयोगावरून ठरते. धन्याला त्याचे हात हवे असतात, पुढाऱ्याला मत, दुकानदाराला पैसे, आणि घरच्यांनाही पुष्कळदां त्यानें पाठविलेली रक्कम. गप्पांच्या बैठकींत मात्र त्याच्याकडून कोणाला कांहीं नको असतें, आणि तरी तो आला नाहीं तर चुकल्यासारखें होतें. ज्याची होडी विकली गेली, ज्याचे हात जाळें ओढण्याजोगे उरले नाहींत, अशा म्हाताऱ्याचीही जागा कट्ट्यावर ठरलेली असते आणि तीच वादळाची गोष्ट त्याच्या तोंडून दहाव्यांदां ऐकली जाते. ऐकणाऱ्यांना ती पाठ असते. ते गोष्टीसाठीं बसलेले नसतात. माणसाला त्याच्या उपयोगावेगळें पाहण्याचें जें शिक्षण मोठमोठे ग्रंथ देऊं पाहतात, तें येथें कोणी न शिकवितां मिळतें. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत विनोदशीलतेला सद्गुणांच्या पंक्तींत बसविलें. तिच्या एका अंगाला विदूषकी चाळे आणि दुसऱ्या अंगाला रुक्षपणा आहे असें तो मानतो; विश्रांति हाही जीवनाचा भाग आहे, आणि त्या वेळीं काय बोलावें व काय ऐकून घ्यावें यांतही चांगलें-वाईट आहे, हें त्याचें म्हणणें गप्पांना नीतीच्या कक्षेंत आणतें, पण आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत नाहीं.

थट्टेचा विचार केला म्हणजे ही कक्षा कोठवर आहे तें अधिक स्पष्ट होतें. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला “कधीं आलास?” या प्रश्नापाठोपाठ “किती दिवस आहेस?” हा प्रश्न येतो, आणि त्यापाठोपाठ त्याच्या सुटलेल्या पोटावर, शहरी बोलण्यावर किंवा उन्हाळ्यांत अंगांत घातलेल्या कोटावर कोणीतरी घसरतोच. थट्टा झाली म्हणजे त्यालाही बरें वाटतें, कारण परक्याची कोणी थट्टा करीत नाहीं, त्याला चहा देतात. परंतु हें सुख एका अटीवर अवलंबून आहे. ज्याची थट्टा झाली त्याला उलट उत्तर देतां आलें पाहिजे. ज्याच्या हातांत दुसऱ्याची भाकरी आहे त्यानें त्या दुसऱ्याची केलेली थट्टा, किंवा उच्च मानलेल्या जातीच्या माणसानें खालच्या मानलेल्या माणसाची केलेली थट्टा, हंसण्यावारी गेली तरी थट्टा राहत नाहीं. कारण समोरच्याला त्या हंसण्यांत सामील होण्याखेरीज दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. उत्तराची शक्यता हा थट्टेचा प्राण आहे. हें एकदां मान्य केलें म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप येतो. जो मुळीं तेथें बसलेलाच नाहीं, त्याच्याविषयीं बोलतांना काय करावें?

येथें गैरहजर माणसांचे दोन वर्ग करणें अवश्य आहे. पहिला वर्ग सत्ताधाऱ्यांचा. राजा, मंत्री, पुढारी, मोठे अधिकारी हेही कट्ट्यावर गैरहजरच असतात, आणि त्यांचें तेथें जें होतें तें ऐकण्यासारखें असतें. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हें इतकें झोंबलें कीं डिसेंबर १६७५ मध्यें त्यानें कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोक तेथें बसून सरकारविषयीं खोट्यानाट्या बातम्या पसरवितात हें कारण. पण ओरड एवढी झाली कीं अंमलाची तारीख उजाडण्यापूर्वींच जानेवारी १६७६ मध्यें त्याला हात आंखडता घ्यावा लागला. आपल्याकडे जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली आणि वर्तमानपत्रांवर नियंत्रण बसलें. छापलेला शब्द बांधला गेला तेव्हां बोललेल्या शब्दाची किंमत काय असते हें तेव्हांच्या पिढीला कळून आलें. सत्ताधीश कट्ट्यावर नसला तरी त्याला उत्तर देण्याचीं साधनें उदंड आहेत. कट्ट्यावरचीं मतें पुष्कळदां चुकीचीं असतात. पण चुकण्याची ही मोकळीक गेली तर विचार करण्याची मोकळीकही फार दिवस टिकत नाहीं.

दुसरा वर्ग शेजाऱ्यांचा, आणि खरी अडचण त्याच्यापाशीं आहे. कोंकणांतल्या गांवांत गैरहजर माणूस हा अपवाद नाहीं, तो नियम आहे. घरटीं कोणी मुंबईला, कोणी आखातांत, कोणी जहाजावर. गणपतीला आणि शिमग्याला येणारीं हीं माणसें उरलेलें वर्ष गांवांत केवळ बोलण्याच्या रूपानें राहतात. तो काय करतो, त्याचें कसें चाललें आहे, खोली घेतली कीं नाहीं, मुलगी केवढी झाली, हें ओटीवर विचारलें जातें तोंवर त्याचें गांवपण शिल्लक असतें. म्हणून गैरहजर माणसाविषयीं बोलूंच नये, हा नियम येथें चालणार नाहीं. तो नियम गांवाला निम्म्या माणसांचा विसर पाडील.

पण आतां असें समजा कीं, एका घरचा मुलगा सलग दोन वर्षें गणपतीला आला नाहीं आणि पैसेही वेळेवर येत नाहींत. कारण कोणालाच ठाऊक नाहीं. जाळें विणतां विणतां एक जण म्हणतो, “त्यानें तिकडेच दुसरा गणपति बसवला असेल.” सर्व हंसतात. पुढच्या आठवड्यांत कोणीतरी त्या ‘गणपतीचें’ वय काय असावें यावर एक कोटी करतो. महिन्याभरानें तोच विनोद पलीकडच्या वाडींत बातमी म्हणून पोंचतो, आणि तेथून परत येतांना त्याला साक्षीदारही मिळालेले असतात. त्या मुलाच्या बहिणीला पाहावयास यावयाचीं माणसें येत नाहींत. त्याची आई दुकानांत सकाळच्या गर्दीऐवजीं भर दुपारीं जाऊं लागते. आणि मुलगा कदाचित् कारखाना बंद पडून बेकार झाला असेल, आणि तोंड दाखवावयास लाजत असेल. येथें अपराधी कोण? पहिल्यानें थट्टा केली. ती खोटी आहे हें त्यालाही आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत होतें. दुसऱ्यानें कोटी केली. तिसऱ्यानें जें ऐकलें तें सांगितलें. खोटें असें कोणीच बोललें नाहीं, आणि तरी एका घराचें नांव गेलें. ज्या अपकृत्याला कर्ता सांपडत नाहीं त्याच्यापुढें नेहमींचें नीतिशास्त्र गोंधळून उभें राहतें. गप्पांतली जोखीम ही आहे, आणि वेळेच्या अपव्ययाची ओरड तिच्यापुढें फार किरकोळ आहे.

जयगडाचें नांवच अशा एका गैरहजर माणसाशीं जोडलेलें आहे. किल्ला विजापूरकरांच्या अमदानींतला मानतात. पण तो नेमका कोणत्या सुलतानानें बांधला हें सांगतांना जाणतेही अडखळतात. कथा मात्र अडखळत नाहीं. बांधकाम वारंवार ढांसळे, तें टिकण्यासाठीं नरबळी द्यावा असें ठरलें, तेव्हां जयबा नांवाचा तरुण आपण होऊन पुढें झाला आणि त्याच्यावरून जयगड हें नांव पडलें, असें सांगतात. तो अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतला होता असेंही सांगणारे सांगतात. किल्ल्यांत त्याचें स्मारक आहे. कथेची ऐतिहासिकता संशोधकांनीं ठरवावी. मला येथें ती सांगण्याची रीत पाहावयाची आहे. एका बाजूनें पाहतां लोकांच्या तोंडच्या बोलण्याचा हा केवढा उपकार आहे! ज्याला कोणतें पद नव्हतें त्याचें नांव त्या बोलण्यानें शतकेंच्या शतकें वाहून आणलें. पण कथेंतले ‘आपण होऊन’ हे दोन शब्द मला खटकतात. तो खुशीनें गेला हें कोणीं सांगितलें? जे तटाच्या आंत सुरक्षित राहिले त्यांनीं. ज्याला विचारावें तो पायाखालीं पुरला गेला. कथा खरी असो वा नसो, या दोन शब्दांनीं ऐकणाऱ्यांचीं मनें हलकीं होतात. बोलण्यानें गैरहजर माणसाचें नांव राखलें, आणि त्याच बोलण्यानें त्याच्या तोंडीं आपल्याला सोयीचें उत्तर घातलें. आपल्या रोजच्या गप्पांतही या दोन्ही गोष्टी अशाच शेजारीं शेजारीं चालतात.

मग नियम कोणता? मला सुचतो तो साधा आहे. ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे तो अकस्मात् दारांतून आंत आला, तर वाक्य अर्ध्यावर तोडावें लागूं नये. तो हंसेल, चिडेल, उलट चार शब्द सुनावील. पण आपल्याला विषय बदलावा लागतां कामा नये. याचें व्यावहारिक रूप असें कीं, प्रत्येक बैठकींत कोणीतरी एकानें गैरहजर माणसाची जागा धरून ठेवावी. “त्याला येऊं दे, मग विचारूं” एवढें एक वाक्य पुरतें. जुन्या मंडळींत असा एखादा माणूस बहुधा असे. त्याला कोणी नीतिमान् म्हणत नसे, ‘उगाच मोडता घालतो’ म्हणून त्याचीही थट्टा होई. परंतु गांवांतलीं कित्येक घरें त्याच्या त्या मोडत्यावर उभीं राहिलीं असतील.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. जो बायकोला मारतो, जो गरिबाच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून उसने पैसे देतो, जो दलाल परदेशच्या नोकरीचें आमिष दाखवून पैसे उकळतो, त्याच्यासमोर कोण बोलूं शकेल? दुबळ्यांना सावध करण्याचें काम आजवर पाठीमागच्या बोलण्यानेंच केलें आहे; पाणवठ्यावर बायकांनीं हळू आवाजांत सांगितलेल्या गोष्टींनीं कित्येक मुलींचे जन्म वांचले असतील. हें मला पूर्ण मान्य आहे. पण तें बोलणें म्हणजे गप्पा नव्हेत, ती सूचना आहे. सूचना ज्याला धोका आहे त्याच्या कानांत सांगतात, माहीत असेल तेवढीच सांगतात, आणि वेळ पडल्यास ‘मीं सांगितलें’ म्हणण्याची तयारी ठेवतात. सूचनेला हंशा लागत नाहीं. एखादी गोष्ट आपण हंशासाठीं सांगतों आहों कीं कोणाला वांचविण्यासाठीं, हें सांगणाऱ्याला स्वतःला तरी बहुधा कळतें.

हल्लीं गप्पांना एक नवी ओटी मिळाली आहे. गांवांतले आणि मुंबई-आखातांतले लोक व्हॉट्सॲपच्या एकाच गटांत बसतात. धक्क्यावरचा फोटो क्षणांत मस्कतला पोंचतो. याचा एक मोठा लाभ आहे तो नाकारूं नये. गैरहजर माणूस येथें पुष्कळदां हजर असतो, आणि आपल्याविषयीं निघालेल्या थट्टेला तेथल्या तेथें उत्तर देतो. पण तोंडच्या गप्पांत एक दया होती ती येथें नाहीं. बोललेला शब्द हवेंत विरत असे. गप्पा विसरल्या जात, म्हणूनच त्यांत चुकतां येत असे. लिहून पाठविलेली थट्टा विरत नाहीं. सांगणाऱ्याचा सूर, डोळ्यांतलें मिस्कील हंसूं आणि ऐकणाऱ्यांचें कोपरखळी मारणें मागें टाकून ती एकटी प्रवास करते, आणि अनोळखी माणसाच्या हातीं पुरावा होऊन पडते. विनोदाची बातमी व्हावयास पूर्वीं महिना लागत असे. आतां संध्याकाळचा चहा होण्यापूर्वीं ती होते. म्हणून जागा धरून ठेवणाऱ्या त्या एका माणसाची गरज आतां अधिक आहे.

तिरच्छानकथेची यादी करणाऱ्यांशीं भांडण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. ज्यानें घर सोडलें त्याच्यासाठीं ती यादी होती. आपण घर सोडलेलें नाहीं. शेजाऱ्यांबरोबर, राजांच्या आणि चोरांच्या, गांवांच्या आणि समुद्राच्या गोष्टी बोलतच आपल्याला जन्म काढावयाचा आहे. ज्या बैठकींत आपण बसलेले असतों अशा बैठकी थोड्या. ज्यांत आपलें नांव निघतें आणि आपण तेथें नसतों अशा किती होत असतील, हें आपल्याला कधींच कळावयाचें नाहीं. तेथें आपली जागा कोणी धरून ठेवतो कीं नाहीं, हें आपल्या हातांत नाहीं. दुसऱ्याची धरून ठेवणें मात्र आज संध्याकाळींही आपल्या हातांत आहे.